कोहळ्याचा काळा पट्टा

काठी तुटली आणि डोकं शाबूत राहिलं.

मोर्शीच्या मंगळवारच्या बाजारात एवढी गोष्ट पुरेशी होती. मेथीच्या जुड्या मांडून बसलेल्या बाया टोपल्या उघड्या टाकून मैदानाकडे धावल्या. न्हाव्यानं अर्ध्या दाढीवर वस्तरा थांबवला, आणि ज्याची दाढी अर्धी राहिली तो साबणासकट गर्दीत घुसला. मैदानाच्या मधोमध तांबड्या कमरपट्ट्याचा एक सडपातळ तरुण गुडघ्यांवर बसला होता. डोक्याला मुंडासं, डोळे मिटलेले, आजूबाजूला बांबूचे तीन तुकडे. त्यानं डोळे उघडले आणि तो हसला, तेव्हा लोकांनी असा जयघोष केला की पलीकडच्या झाडाखाली बांधलेले बैल दाव्याला हिसके देऊ लागले.

"पाहिलंत?" वज्रदेही महाराजांनी दोन्ही हात आभाळाकडे नेले. "ही काठी बांबूची नव्हती, बच्चा! ही तुमच्या कर्माची काठी होती! पांढरा पट्टा कर्म झेलतो, पिवळा कर्म परतवतो, तांबडा कर्म जाळतो. आणि काळा? काळ्या पट्ट्याला काठी लागत नाही, तलवार लागत नाही, नजर लागत नाही! फक्त एक लागतं. काय लागतं?"

"विश्वास!" पट्टेवाले शिष्य एका सुरात ओरडले.

"आणि शंका आली की?"

"पट्टा मेला!"

मग महाराजांनी समोरच्या सहा पिवळ्या पट्ट्यांकडे तळहात नुसता फिरवला. सहाही जण वादळात ज्वारी लोळावी तसे आडवे झाले. महाराजांचं बोट कोणाला लागलं नव्हतं. ते मूळचे कुठले, असं कोणी विचारलं की ते उत्तरेकडे पाहत आणि डोळे मिटत. गेल्या तीन वर्षांत गावाबाहेरच्या मठात त्यांनी साठ-सत्तर पोरांच्या कमरेला रंग बांधला होता. त्या दिवशी त्यांनी पहिला काळा पट्टा बांधला, तो त्या सडपातळ तरुणाच्या कमरेला.

गर्दीच्या मागच्या कडेला संत्र्यांची टोपली खाली ठेवून उभे असलेले नत्थुजी सगळं पाहत होते. तो तरुण त्यांचा जावई होता. चंद्रभान.

नत्थुजींचं वय अठ्ठावन्न. तीस वर्षं अमरावतीच्या एका आखाड्यात त्यांनी लाठी फिरवली होती, आणि आता गुडघे गेल्यावर बाकीचा वेळ संत्र्याच्या बगीच्यात जात होता. चमत्काराचा त्यांना राग येत नसे, नुसता कंटाळा येत असे. शेजारच्या किसनरावांनी सोन्याच्या हंड्यासाठी गोठा खणला, तेव्हा ते सांगायला गेले होते. हंडा निघाला नाही, भिंत मात्र बैलावर पडली. सर्पदंशावरच्या जडीबद्दल ते बोलले होते. ज्याला बोलले तो माणूस त्याच जडीवर विसंबून गेला. दर वेळी लोक मागाहून एकच म्हणत, "नत्थुजीले काही पटतच नाही." जणू मेलेला बैल आणि मेलेला माणूस ही नत्थुजींच्या न पटण्याची फळं होती. तेव्हापासून त्यांनी ठरवलं होतं की आता आपण बोलायचं नाही. गाव आपलं आहे, गावानं आपल्या हौसेनं फसावं.

पण मोडलेल्या बांबूचा एक तुकडा घरंगळत त्यांच्या पायाशी आला होता. त्यांनी तो उचलला. हातावर बारीक पिवळसर भुगा सांडला. तुकडा वरून तेल लावून चकचकीत केलेला होता आणि आतून किडीनं पोखरून गाळलेल्या पिठासारखा झाला होता. एका टोकाला काळी कड दिसत होती. नत्थुजींनी ती नखानं खरवडली आणि नाकाशी नेली. डांबर होतं.

त्यांनी तुकडा टोपलीत संत्र्यांखाली ठेवला आणि घरची वाट धरली.

घरी मनकर्णा विहिरीच्या काठावर बसली होती. मनकर्णा म्हणजे त्यांची मुलगी, चंद्रभानची बायको. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आलेली, सातवा महिना लागलेला. बापाला पाहून ती उठली नाही.

"बाबा, यायले अकोटले जाऊ देऊ नका."

"अकोटले काय आहे?"

"पुढच्या सोमवारी कुस्त्यायची दंगल आहे. अकोल्याच्या जुन्या शहरातले जानराव पैलवान येनार. त्यायनं निरोप धाडला का, तुमचा पट्टा अन् आमची लाठी. महाराज हो म्हनले. हे मैदानात उभे राह्यनार अन् पैलवान डोक्यावर मारनार."

नत्थुजी विहिरीच्या कठड्याला टेकले. जानरावाचा हात त्यांनी पाहिला होता. त्याच्या एका फटक्यानं बैलगाडीचं जू दुभंगलेलं त्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

"तू काही म्हनलं नाही त्यायले?"

"म्हनलं. तं म्हने, तुई शंका मले लागन, चूप राह्य." मनकर्णा पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. "उद्या काही कमीजास्त झालं तं लोक मलेच म्हनतीन. बायकोच्या मनात शंका होती म्हनून पट्टा मेला. बाबा, त्या बुवानं पहिलेच सोय करून ठेवली."

नत्थुजींना या वेळी कंटाळा आला नाही. त्यांना भीती वाटली.

संध्याकाळी जावई जेवायला आला. नत्थुजींच्या बायकोनं, पार्बताबाईंनी, पाट मांडला, पुरणाची पोळी केली, तूप वाढलं. वऱ्हाडात जावयाला रागवायची सोय नाही. फार राग आला तर त्याला आणखी तूप वाढायचं. नत्थुजींनी दोनदा तूप वाढलं आणि मग अंगणात संत्री निवडायला घेतली. चंद्रभान सुपारी कातरत शेजारी येऊन बसला. त्याच्या पांढऱ्या धोतरावर कमरेशी काळे ओघळ उतरले होते, कारण घामानं पट्ट्याचा रंग सुटत होता.

"जवाईबापू," नत्थुजी हळू म्हणाले, "पैलवानाची लाठी तुमी अडवनार कशानं?"

"अडवाचं नाही, मामाजी. अडवलं म्हनजे शंका आली. हात खाली अन् डोळे बंद."

"या तीन वर्षांत तुमच्यावर कोनी खरा हात उचलला काय?"

"खालच्या पट्ट्यानं वरच्यावर हात उचलाचा नाही, हा मठाचा पहिला नेम आहे."

"मंग तुमाले काय येते, हे तुमाले समजलं कसं?"

चंद्रभानचा अडकित्ता सुपारीवर थांबला. लहानपणी तो फार बारीक होता. लग्नाच्या मांडवात कोणीतरी म्हणालं होतं की नवरीच नवऱ्याला उचलून नेईल, आणि सगळा मांडव हसला होता. आता रस्त्यानं जाताना पोरं वाकून त्याला नमस्कार करत. हे नत्थुजींना ठाऊक होतं, म्हणून ते सांभाळून बोलत होते. चंद्रभाननं मात्र सांभाळलं नाही.

"राग नका मानू, मामाजी. पन तुमच्यापाशी कोनता पट्टा आहे?"

नत्थुजींपाशी पट्टा नव्हता. उस्तादानं मनगटाला बांधलेला गंडा होता, तोही वीस वर्षांपूर्वी कुजून पडला होता. त्यांनी हातातलं लोखंडी कडं पुढं केलं. बगीच्यात संत्र्यांची प्रत त्यावर ठरवत.

"हे पाहा. यातून पडलं ते दोन नंबर, अडकलं ते एक नंबर. वरुडच्या व्यापाऱ्याचं कडं याहून लहान आहे. आपला दोन नंबर तिथं एक नंबर होते. फळ थेच, कडं बदललं. अन् गोड कोनतं, हे तं कोन्याच कड्याले समजत नाही. त्यासाठी फोडून खावं लागते. महाराजाच्या कड्यानं तुमी एक नंबर. जानरावाचं कडं अलग आहे."

"संत्र्याले विश्वास नसते, मामाजी," चंद्रभान उठत म्हणाला आणि मठाकडे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नत्थुजी मठाच्या धुनीसाठी म्हणून संत्र्यांची टोपली घेऊन गेले. महाराज पूजेत होते. मठामागच्या पडवीत बांबूंचा ढीग रचलेला होता. तो ढीग साऱ्या मोर्शीनं दिला होता. संत्र्याच्या झाडाला फळ फार लागलं की फांद्या मोडू नयेत म्हणून खाली बांबूचे टेकू देतात. दोन-तीन हंगामांत टेकूंना कीड लागते, आणि मग बागाईतदार ते काढून टाकतो. महाराजांनी मागणी केली होती, "जुने टेकू धुनीला द्या, पुण्य लागेल." टाकाऊ लाकडावर पुण्य मिळत असेल तर कोण सोडतो? पार्बताबाईंनीही एक गाडी भरून पाठवली होती, आणि त्या दिवशी नत्थुजी गप्प बसले होते.

धुनीत बाभळीची लाकडं जळत होती. टेकू पडवीत होते. वरची बेचकी कापून काढलेली, बुंधे तासलेले, अंगाला तेल चोळलेलं. कित्येकांच्या मध्यावर करवतीचा अर्धा छेद होता आणि त्यात मेण भरून वर माती फासली होती. नत्थुजी वाळवी लागू नये म्हणून आपल्या टेकूंच्या बुडाला दोन बोटं डांबर लावत. त्यांचे चौदा-पंधरा टेकू त्यांनी तिथल्या तिथे ओळखले.

"आपलीच लाकडं," ते स्वतःशी म्हणाले, आणि त्यांना एकदम दमल्यासारखं वाटलं. फसवणाऱ्याला साहित्यही गावानंच पुरवलं होतं, तेही गाडी जुंपून.

शनिवारी महाराजांची स्वारी अकोटला निघायची होती. त्याआधी बाजाराच्या मैदानात निरोपाचा खेळ ठेवला होता. मंगळवारपेक्षा दुप्पट गर्दी लोटली. कचेरीतले दोन कारकूनसुद्धा छत्र्या घेऊन आले होते. काठी तुटली, पिवळे पट्टे पडले, जयघोष झाला. मग महाराजांनी विचारलं, "कोणाला काही मागायचं आहे?"

"मले," नत्थुजी म्हणाले आणि पुढं आले. त्यांच्या एका हातात त्यांची जुनी भरीव लाठी होती. दुसऱ्या हाताने त्यांनी काखेत मळ्यातला राखी कोहळा धरला होता. लोक हसू लागले. दृष्ट काढायला आणला असेल, असं बायांना वाटलं.

"महाराज, याले काळा पट्टा द्या."

"बच्चा, थट्टा करतोस?"

"थट्टा नाही. बरं, मीच बांधतो." नत्थुजींनी लाठी खाली ठेवून खिशातून जुन्या छत्रीच्या काळ्या कापडाची चिंधी काढली, कोहळ्याच्या मध्यावर बांधली आणि कोहळा दगडावर ठेवला. मग महाराजांच्या भाऱ्यातली एक काठी ओढून घेतली. शिष्य पुढं सरसावले, पण तोवर नत्थुजींनी काठी डोक्यावर नेऊन पुरा हात टाकला होता.

काठी तीन ठिकाणी तुटली. कोहळ्यावर नुसता पांढरा ओरखडा उठला.

मैदान हसून हसून वाकलं. "अबे, कोहळा सिद्ध झाला!" कोणीतरी ओरडलं.

महाराज मात्र लेचेपेचे नव्हते. त्यांनी कोहळ्यापुढं हात जोडले. "पाहा! पाहा लोकहो! कोहळ्याच्या मनात शंका नाही! म्हणून पट्टा त्यालाही लागू पडला! माणसापेक्षा हे फळ थोर आहे!"

हसू थांबलं. पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी कोहळ्याला खरंच नमस्कार केला. नत्थुजींनी तो पाहिला आणि क्षणभर त्यांना वाटलं, लाठी तिथंच सोडावी आणि घरी जाऊन झोपावं. मग त्यांना बाजूला उभी असलेली मनकर्णा दिसली.

"बरं तं," ते म्हणाले. "कोहळा थोच. पट्टा थोच. विश्वास थोच. सोडला नाही नं मी पट्टा? सारे पाहा. आता फक्त काठी बदलवतो."

त्यांनी आपली लाठी उचलली. गुडघे कुरकुरले, पण हात तीस वर्षं विसरला नव्हता. एकच फटका बसला. कोहळ्याच्या चिंधड्या झाल्या, गर आणि बिया पहिल्या रांगेच्या तोंडावर उडाल्या आणि काळी चिंधी धुळीत पडली.

"महाराज," नत्थुजींनी शांतपणे विचारलं, "एवढ्यातच याच्या मनात शंका कोठून आली?"

नत्थुजींनी मोडलेल्या काठीचा तुकडा हातावर झटकला, तसा भुगा गळू लागला. "हे आपल्या बगीच्यातले टेकू आहेत. धुनीले म्हनून तुमी दिले, म्याही दिले. हे पाहा माहं डांबर. हा पाहा करवतीचा काप, हे मेन. पडवीत ढीग लागला आहे, जाऊन पाहा. कीड लागलेल्या बांबूनं ना कोहळा फुटत, ना डोकं फुटत. अकोटले जानराव आपली लाठी आनते. थे टेकू नसते."

"पण पिवळे पट्टे पडतात ते?" एका कारकुनानं विचारलं. "त्यांना तर कोणी शिवतही नाही."

सगळ्यांच्या नजरा भगवंतकडे गेल्या. भगवंत हा पिवळ्यांमधला सगळ्यांत दांडगा, दोन पोती सहज उचलणारा. त्यानं मान खाली घातली.

"मले कधीच काही लागलं नाही," तो पुटपुटला. "बाकीचे पडत, म्हनून मी पडे. वाटे का सारे खरेच पडतेत, माह्याच मनात खोट आहे. म्हनून कोनाले सांगतलं नाही."

"तू बी?" शेजारचा पिवळा पट्टा म्हणाला. "मले तं वाटलं मीच एकटा."

सहाही जण एकमेकांकडे पाहत राहिले. तीन वर्षं रोज एकमेकांशेजारी पडत होते आणि प्रत्येक जण आपण एकटेच ढोंगी आहोत असं समजत होता. त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहून नत्थुजींना त्यांची फार दया आली.

चंद्रभान मात्र गर्दी फोडून पुढं आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कोहळ्यावर मर्दानी कायले दाखवता?" त्याचा आवाज फाटला. "मी बसतो. मारा मले. त्याच लाठीनं मारा, मामाजी."

तो गुडघ्यांवर बसला. हात खाली, डोळे बंद. पार्बताबाई ओरडल्या, "अहो, जवाई आहे थो!" मनकर्णानं दोन्ही हात पोटावर धरले होते.

नत्थुजींनी लाठी वर नेली. जावयावर हात उचलणं हे त्यांच्या सात पिढ्यांत कोणी केलं नव्हतं. त्यांनी नेम डोक्याचा धरला आणि लाठी सोडली. ती केसभर अंतरावर थांबवता येईल इतका हात अजून आपल्यात आहे का, हे त्यांना नक्की ठाऊक नव्हतं.

लाठीचा आवाज कानाशी आला मात्र, चंद्रभानचा उजवा हात आपोआप वर गेला. डोळे मिटलेलेच होते. लाठी त्याच्या मनगटाला निसटती लागली आणि नत्थुजींनी तिथंच आवरली. मनगटावर लाल वळ उठला.

चंद्रभाननं डोळे उघडले आणि आपल्या वर गेलेल्या हाताकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता.

"लागलं काय?" नत्थुजींनी विचारलं.

"लागलं."

"देवाची कृपा. पट्टा झोपला होता, जवाईबापू, हात जागा होता. तो शहाना आहे. त्याचं ऐका."

चंद्रभान तिथंच बसून लहान पोरासारखा रडला. मनकर्णा जवळ आली आणि सगळ्या गावादेखत नवऱ्याच्या शेजारी धुळीत बसली.

या गडबडीत वज्रदेही महाराज कधी निघून गेले ते कोणी पाहिलं नाही. अकोटला ते पोचले नाहीत. सोमवारी चंद्रभान एकटा अकोटला गेला, सुजलेलं मनगट पुढं करून जानराव पैलवानाला म्हणाला, "मले लाठी येत नाही." पैलवान हसला नाही. म्हणाला, "हे सांगाले बी दम लागते." आणि त्याला जेवू घातलं.

मोर्शी सुधारली असं समजू नका. महिन्याभरात लोक म्हणू लागले की महाराज खरेच होते, पण कोहळा अपशकुनी निघाला. नत्थुजींनी ते ऐकलं आणि ते संत्री निवडत राहिले. कारण या वेळी त्यांना एक गोष्ट पुरती कळली होती. सारं गाव शहाणं करायचं म्हटलं की माणूस थकतो. घरातला एक माणूस वाचवायला जावं, तेवढं होतं. आणि तुमच्याही गावात उद्या कोणी रंग बांधायला येईल, कमरेला नाही तर कपाळाला. त्याच्याशी भांडू नका. त्याच्या पाया पडायची घाईही करू नका. एवढंच म्हणा, "बरं आहे महाराज, पण काठी आमची, आणि आधी कोहळा." जो खरा असेल तो हो म्हणेल. जो म्हणेल की शंकेनं विद्या मरते, त्याची विद्या आधीच मेलेली आहे, हे समजून घरी या.

पुढच्या हंगामात संत्र्याला नवे टेकू लागले, तेव्हा एका फांदीला बांधायला दोरी कमी पडली. चंद्रभाननं घरातून काळा पट्टा आणून दिला. तान्ही पोर कडेवर घेऊन मनकर्णा पाहत होती. गाठ मारून झाल्यावर तो हात झटकत सासऱ्यापुढं उभा राहिला.

"मामाजी, मले लाठी शिकवा."

"शिकवीन. पन वर्ष-दोन वर्षं नुसता मार खा लागन. अन् शेवटी पट्टा-बिट्टा काही भेटनार नाही."

"मंग आलं का नाही, हे कसं समजन?"

नत्थुजींनी झाडाला टेकवलेल्या दोन लाठ्या उचलल्या आणि एक त्याच्या हातात दिली.

"मी मारतो," ते म्हणाले. "तुमी डोळे उघडे ठेवा अन् अडवा."